माटोळीखाली सांगितलेली फायनल

आमच्या गोव्यातल्या लाटंबार्श्याच्या घरात माटोळी बांधायचं काम माझ्याकडे आलं ते उंचीमुळे. चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या जागेवर टांगलेल्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, रानातून आणलेली फळं बांधायची. बाकीच्यांना स्टूल लागायचं. मिसरूड फुटायच्या आधीच माझं डोकं त्या चौकटीला आपटत होतं.

त्याच उंचीवर मी पुढे पोट भरलं. मी बास्केटबॉल खेळायचो. गोव्यात हे सांगितलं की माणसं विचारतात, "म्हणजे फुटबॉलच ना?" नाही. वास्कोला नोकरी मिळाली तीच संघात खेळण्यासाठी, आणि नंतर परराज्यातल्या एका व्यावसायिक संघानं करार करून नेलं. मी फॉरवर्ड. नेम चुकून रिंगवर आपटलेला चेंडू दुसऱ्या कुणाच्या हाती लागायच्या आत पकडायचा, हे माझं मुख्य काम. त्याला रिबाउंड म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, उंच उडी मारली की झालं. उडी नंतरची. आधी पाठीनं आणि मांड्यांनी मागच्याला रेटून जागा धरावी लागते, आणि चेंडू कुठल्या बाजूला उसळणार हे टाकणाऱ्याच्या मनगटावरून ओळखावं लागतं. मला ते ओळखता यायचं. माझ्याहून उंच, माझ्याहून तरुण पोरं माझ्या पाठीमागे अडकून नुसती हवेत हात मारायची. मी चांगला खेळाडू होतो. एवढं वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

कारण माझे शेवटचे, सगळ्यात चांगले हंगाम आले तेव्हाच गावाकडच्या खाणी बंद पडल्या आणि माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, खनिज वाहणारा ट्रक थांबला. फणसाखाली उभा असायचा, चाकांवर वेली चढलेल्या. दादा मिळेल त्याच्या काजूबागेत राबत होता, आणि मला उड्या मारायचा पगार मिळत होता. घरी गेलो की तो विचारायचा, "कशी झाली मॅच?" मी म्हणायचो, "झाली." वास्कोची खोली मी सोडली नव्हती; पदकं तिथं पलंगाखाली होती. भिंतीवर लावायचीसुद्धा लाज वाटायची. लोक मला अबोल समजत. तसा मी नव्हतो. उपाशी माणसासमोर ढेकर देऊ नये, एवढंच मनात असायचं.

गेल्या चवथीला माटोळी बांधताना उजवा हात कानाच्या वर जाईना. कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनींनी नारळ पुढे केला. मी तो डाव्या हातानं वर धरला, उजव्यानं गाठ मारायला गेलो आणि नारळ सुटून धाडकन पाटाशेजारी आला.

"भावजी, म्हातारे झालात हो!" वहिनी हसल्या आणि दुसरा नारळ आणायला आत गेल्या.

दादा हसला नाही. "हात कित्याक वर जायना?"

"जुनं दुखणं आहे."

"जुनं म्हणजे कधीचं?"

"शेवटच्या फायनलचं." आणि मग मला थांबता येईना. आम्ही एका गुणानं पुढे होतो. त्यांचा शेवटचा चेंडू रिंगवर आपटला, दोघांच्या मधून मी उडालो आणि खाली आलो तो खांद्यावर.

"आणि चेंडू?"

"सोडला नाही."

"म्हणजे जिंकलात?"

"जिंकलो. कप्तान मीच होतो."

दादा जवळ आला. "ह्या कधी झालां?"

"ट्रक थांबला त्या वर्षी."

"माका वाईट वाटात म्हणून सांगूक नाय?"

मी मान डोलावली.

"गाढवा! त्या वर्षी ह्या घरात बरी बातमी एक नव्हती. तिठ्यावर गेलो की लोक ट्रकाचा विचारायचे. माका सांगूक काय तरी होया होतां. तुझ्याकडे होतां, आणि तू तां लपवून ठेवलंस."

इतकी वर्षं मी समजत होतो, आपण ह्याला जपतोय. त्याच्या वाट्याचा अभिमान मी एकट्यानं पलंगाखाली कोंडून ठेवला होता.

दादानं स्टूल ओढलं आणि वर चढला. "दे तो चिबूड. आणि आता पयल्यापासून सांग."

मी खालून एकेक फळ देत सांगत गेलो. गाठ मारता मारता तो थांबायचा. "मगे? त्या उंच्यान काय केल्यान?" त्याला पाठीनं कसा रेटला ते मी दाराच्या फळीला पाठ लावून दाखवलं. फळी करकरली. "दार मोडू नको," दादा म्हणाला, "फुडे सांग."

शेवटाकडे आलो तसा माझा आवाज सवयीनं खाली गेला. "दादा, त्या मैदानावर माझ्यासारखा रिबाउंड घेणारा दुसरा कुणी नव्हता."

"मोठ्यान सांग," तो वरून म्हणाला. "शेजारीय माटोळी बांधतत. ऐकू दी तेंका."

मी मोठ्यानं सांगितलं.