एक नोंद जुळत नाही

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्या. भारी शब्दही मला येत नाहीत. जे घडलं ते साध्या शब्दांत सांगतो.

मी डोणगावला वसंतकाकांच्या हिशोबाच्या ऑफिसात कामाला आहे. कोणाची पोरं पुण्याला असतात, कोणाला कर्जासाठी कागद लागतात, कोणाला रिटर्न भरायचं असतं. असे लोक दुकानाबरोबर घरखर्चाचा हिशोबही काकांकडे ठेवतात. काम सांगायला सोपं आहे. बँकेच्या साइटवरून महिन्याच्या व्यवहारांची फाईल उतरवायची आणि सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायची. मग बँकेची एकेक ओळ घेऊन माणसाने आपल्याला सांगितलेल्या खर्चाशी जुळवायची. जुळली की हिरवी होते, नाही जुळली की लाल राहते. अशा लाल ओळींमागे काही ना काही किस्सा असतोच. ओळ हिरवी होते, पण किस्सा मात्र डोक्यात राहतो. असं करत माझ्याकडे बरेच साचले आहेत.

दुसऱ्या ऑफिसात लाल ओळ सरळ 'किरकोळ' खात्यात ढकलतात. काकांना ते चालत नाही. त्यांचा एकच नियम, खातेदाराला फोन लावायचा. वाक्यसुद्धा ठरलेलं आहे: "नमस्कार, हिशोबाच्या ऑफिसातून बोलतो. एक नोंद जुळत नाही." मी लाजाळू माणूस, पहिल्यांदा फोन लावला तेव्हा पुढचं बोलताच आलं नाही. काका म्हणाले, "घाबरतो काऊन बे? पैसे त्याचे गेले, तुह्ये नाही."

आता हे ऑफिस किती दिवस चालेल, सांगता येत नाही. काका विसरायला लागले आहेत. ही गोष्ट ऑफिसात मला आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या शीतलताईला माहीत आहे, घरी काकूंना. काकूंनी आम्हाला बजावलं आहे, "गावात कळलं तं लोक हिशोब काढून नेतील. मंग हे घरात बसतील. अन् घरात बसले का लवकर जातील, पोरांनो." म्हणून आम्ही सांभाळतो. जमेल तेवढे दिवस.

\* \* \*

गुरुजी म्हणजे रिटायर्ड शिक्षक. सगळा हिशोब चोख सांगणारे. त्यांच्या खात्यात एकदा लालच लाल झालं. रोज संध्याकाळी थोडे पैसे, आणि समोर नाव एका ब्युटी पार्लरचं.

काकांनी फोन लावायला सांगितला. फोन गुरुजींच्या बायकोने उचलला. मी ठरलेलं वाक्य म्हटलं आणि पार्लरचं नावही सांगून बसलो. त्यांनी ते नाव मला पुन्हा सांगायला लावलं. मग त्या म्हणाल्या, "थांबा. देते त्यायले."

गुरुजी फोनवर ओरडले, "अहो, चहाचे पैसे आहेत ते! टपरीवाल्याच्या बायकोचं पार्लर आहे, त्यानं तिचाच क्यूआर चिकटवला!"

काकांनी 'चहा' लिहून ओळी हिरव्या केल्या. गुरुजींच्या घरी मात्र त्या हिरव्या व्हायला आणखी आठवडा लागला. तेव्हापासून गुरुजी टपरीवर चिल्लर देतात.

\* \* \*

सुदामभाऊ भाजीपाला करतात. वांगी, मिरची, थोडी मेथी. त्यांचे वडील मे महिन्यात वारले. पुढे हिशोब पाहायला ते ऑफिसात आले आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसले.

त्यांच्या बँकेची फाईल इम्पोर्ट करताना तारखा उलटल्या होत्या. सॉफ्टवेअरने आधी महिना आणि मग दिवस असं वाचलं. चार जूनचा खर्च सहा एप्रिलला जाऊन बसला. किराणा, पत्रावळी, आचारी, आणि पैसे पाठवताना सुदामभाऊंनी स्वतः लिहिलेला शब्द: तेरवी.

मी घाईने म्हटलं, "चुकलं भाऊ, आत्ता नीट करतो."

त्यांनी माझा हात धरून थांबवलं. स्क्रीनकडे पाहत राहिले.

"एप्रिलात बुढा चांगला होता," ते म्हणाले. "मीच जाऊन नाही राह्यलो त्याच्याकडं. मिरचीचा तोडा चालू होता. तवाच असं लिहून आलं असतं, तं गेलो असतो."

मी तारखा नीट केल्या. जाताना त्यांनी एप्रिलचं पान मागितलं. शीतलताईने एप्रिलचा कागद काढून दिला, सहा तारखेपुढे आता कोरं होतं. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

\* \* \*

कमलमावशींच्या खात्यात रोज सकाळी एक रुपया जायचा आणि थोड्या वेळाने एक रुपया यायचा. सॉफ्टवेअर आम्हाला विचारायचं, या दोन नोंदी एकमेकींना रद्द करतात, काढून टाकू का?

फोन लावला तर मावशी म्हणाल्या, "माह्या पोराले पाठवते. पुण्याले असतो. फोनवर बोलाले टाइम नाही त्याले. रुपया गेला का त्याले समजते, आई उठली. त्याचा आला का मले समजते, तो उठला."

शीतलताईने विचारलं, "काका, हा खर्च कोणत्या खात्यात टाकू?"

काका म्हणाले, "टपाल."

तसं खातं उघडलं. अजून आहे. दिवाळीपासून त्यात फक्त जाणारे रुपये आहेत. येणारे नाहीत. त्याबद्दल आम्ही मावशींना फोन केला नाही. ओळ जुळते, त्यामुळे नियम लागू होत नाही, असं काका म्हणाले. तेव्हा ते अगदी बरे होते.

\* \* \*

मग दोनदा इम्पोर्ट सुरू झालं.

एकच फाईल पुन्हा घेतली तर सॉफ्टवेअर विचारतं, ही फाईल आधी आली आहे, तरी घ्यायची का? काका 'हो' दाबायचे. मी एकदा हळूच म्हटलं, "काका, आली वाटते ही आधी."

"मशीन चुकते बे," काका म्हणाले. "मी घेतली असती तं मले आठवलं नसतं काय?"



पहिल्यांदा पकडलं किराणावाले प्रकाशशेठ यांनी. त्यांच्या घरचा सगळा खर्च दुप्पट झाला होता. कागद हातात धरून ते काकांच्या टेबलापुढे उभे राहिले. "काका, एवढं तेल आमच्या घरी आंघोळीलेही लागत नाही."

शीतलताई पटकन म्हणाली, "लाइट गेली होती शेठ, फाईल दोन डाव गेली."

शेठ हसले. आम्ही जास्त हसलो. काकाही हसले, पण कशाला ते त्यांना समजलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमचं काम वाढलं. काका दुपारी जेवायला घरी गेले की मी प्रत्येक खातं उघडायचो आणि डबल झालेल्या ओळी काढून टाकायचो. शीतलताई दारात उभी राहून रस्त्याकडे पाहायची. चोरी केल्यासारखं वाटायचं. पण पुढच्या महिन्यात प्रकाशशेठ पुन्हा आले आणि या वेळी हसले नाहीत. "पोरगा म्हणते, मी मोबाईलवर करतो हिशोब," एवढं म्हणून त्यांनी आपली फाईल मागितली. काकांनी स्वतः उठून ती कपाटातून काढून दिली, चहाही पाजला. शेठ गेल्यावर मला विचारलं, "काऊन आला होता बे तो?"

"सहज आले होते," मी म्हटलं.

\* \* \*

नोंदी डबल झाल्या की फोनही डबल जातात. हे आमच्या लक्षात उशिरा आलं.

एक दिवस काकांनी स्वतः गुरुजींना फोन लावला. स्पीकर चालू होता. "नमस्कार, हिशोबाच्या ऑफिसातून बोलतो. एक नोंद जुळत नाही. गुरुजी, हे पार्लर कायचं?"

शीतलताईने माझ्याकडे पाहिलं. जुनी फाईल, जुनाच प्रश्न.

गुरुजी म्हणाले, "चहा आहे तो काका. टपरीवाल्याच्या बायकोचं पार्लर आहे, त्यानं तिचा क्यूआर लावला." जसं काही पहिल्यांदाच सांगत होते. वर हसून म्हणाले, "तुमच्या फोनानं घरात भांडण लागन आता."

काका पोट धरून हसले. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो किस्सा सांगत होते.

संध्याकाळी गुरुजी ऑफिसबाहेर थांबलेले दिसले. आत आले नाहीत. शीतलताईला बोलावून म्हणाले, "बाई, माहा हिशोब इथंच राहील. ते किती डाव विचारोत, मी पहिल्या डावासारखंच सांगीन."

ताई आत आली आणि बराच वेळ कपाट लावत बसली. कपाट लावलेलंच होतं.

\* \* \*

हे गेल्या महिन्यातलं आहे.

महिना संपला की सगळ्यांचे हिशोब झाल्यावर शेवटी काका स्वतःच्या घरचा हिशोब करतात. फाईल मीच इम्पोर्ट करून दिली, एकदाच. काका ओळी जुळवत होते. दूध, लाइटबिल, गॅस, आमचे पगार. सगळं हिरवं. मेहकरच्या एका कापड दुकानाची ओळ तेवढी लाल राहिली.

ती साडी काकूंची. घ्यायला मीच काकांना गाडीवर मेहकरला नेलं होतं. दोन साड्यांत त्यांचं ठरेना, तेव्हा म्हणाले होते, "तुह्या काकूले हिरवा आवडते." येताना पिशवी छातीशी धरून बसले होते.

काकांनी चष्मा वर केला. "पवन, या खातेदाराची एक नोंद जुळून नाही राह्यली. मेहकरचं कापड दुकान."

मी म्हटलं, "काका, ते..." आणि थांबलो. सांगितलं असतं तर ते खातं कोणाचं आहे हेही सांगावं लागलं असतं.

"ते काय?" काका म्हणाले. "अंदाजानं लिहाचं नाही. फोन लाव त्याले."

शीतलताईचं टायपिंग थांबलं. सॉफ्टवेअरमध्ये खातेदाराच्या नावाखाली नंबर होता. मी ऑफिसच्या मोबाईलवरून तो लावला.

काकांच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी तो काढला, नाव न बघताच कानाला लावला आणि हाताने मला खूण केली, जरा थांब. "हां, बोला."

आमच्या दोघांच्या मध्ये एक टेबल होतं. मी मान खाली घातली आणि फोनमध्ये म्हटलं, "नमस्कार. हिशोबाच्या ऑफिसातून बोलतो. एक नोंद जुळत नाही. मेहकरच्या कापड दुकानाची."

काकांनी नीट ऐकून घेतलं. मग अदबीने म्हणाले, "आता मी कामात आहे बाप्पा. पोरं बसले आहेत समोर. घरी इचारून सांगतो. उद्या सकाळी करा फोन."

फोन खिशात ठेवून त्यांनी मला विचारलं, "काय म्हणला तो?"

"उद्या सकाळी सांगतो म्हणले."

"भला माणूस दिसते," काका म्हणाले. "राहू दे ती ओळ तशीच लाल. उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर येऊन शटर उघडलं, कम्प्युटर चालू केला, आणि काका घरून निघायच्या आधी त्यांना फोन लावला.