दुर्बिणीतलं शेवाळ

पैनगंगेकाठच्या जैनथ गावाहून एक आई कॉलेजातल्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली, तेव्हा मी आधी भडकलोच. कापूसवेचणीपासून पोरीच्या लघवीतून रक्त जात होतं, आणि घरचे उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पाजत बसले होते.

“काऊन थांबल्या तुमी?”

“दुखत नव्हतं ना,” आई म्हणाली.

अहो, उन्हाळीत आग होते. न दुखता रक्त आलं, तर जास्त घाबरायचं असतं.

सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. इतक्या कोवळ्या वयात ती मी क्वचितच पाहिलेली. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं, लघवीच्या वाटेनं दुर्बीण आत घातली. पोरगी जागीच होती. पडद्यावर गाठ आली: गुलाबी, झालरीझालरीची, पाण्यात संथ डोलणारी. पुढे तपासणीत ती कमी धोक्याची निघाली. तेव्हा ते ठाऊक नव्हतं, तरी मी बघतच राहिलो.

“हे माह्या आत हाय?” पोरगी म्हणाली. “पैनगंगेतल्या शेवाळासारखं हालून राह्यलं.”

“आता कापून काढतो.”

“काढा. पन आधी मले पाहू द्या.”

गाठ कापणाऱ्या तारेला करंट देणाऱ्या पेडलवरचा पाय मी उचलला.