काचेवरचा अंगठा

“आणि याने घासलेली कवळी मी आता तोंडात घालायची का?” सासूबाई विचारत होत्या. त्यांच्या हातात कवळी घासायचा ब्रश होता आणि ब्रशाचे केस राखाडी झाले होते.

“धुतलाय गं आई. चांगला घासून धुतलाय,” नवरा मान वर न करता म्हणाला.

“धुतलाय तर असा का?”

“रंग मुरलाय. विषारी नसतो तो. डबीवर लिहिलंय तसं.”

“मग डबी एकदा चाटून दाखव. म्हणजे माझी खात्री पटेल.”

मी ओट्यापाशी उभी राहून खात होते. तिथूनच विचारलं, “घरात दुसरा ब्रश नव्हता?”

“मऊ केसांचा नव्हता. विमानाचा पत्रा जुना झाल्यासारखा दिसायला बारीक शिंतोडे मारावे लागतात. तुम्हाला नाही कळायचं ते.”

“बरोबर आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आम्हाला कवळीच कळते.” त्यांनी ब्रश त्याच्यासमोर, विमानाच्या शेपटीशेजारी ठेवला, कवळी तशीच न घासता तोंडात बसवली आणि आपल्या खोलीत निघून गेल्या. माझ्या तोंडातला घास तोंडातच फिरायला लागला.

घरात जेवायचं टेबल एकच, आणि त्याच्यावर विमान होतं. म्हणजे विमानाचे तुकडे, रंगाच्या डब्या, कानस, कापूस, कातरलेल्या प्लास्टिकचा भुगा आणि माझा भुवया कोरायचा चिमटा. चित्रं भिजवायला दुधाचं पातेलं घेतलेलं. पंखांवरचे आकडे आणि पट्टे कागदावरून पाण्यात सुटतात आणि मग विमानावर सरकवायचे असतात, हे ज्ञान मला दुधावर कागदाची साय आलेली बघून झालं. आम्ही सगळे मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. सासूबाई शिलाई मशीनच्या झाकणावर. पावाला थिनरचा वास, उशीला थिनरचा वास.

आमची मुलगी टेबलाशी बसली होती. वय सात. बारीकसारीक गोष्टी वेचून आणते म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. तुटलेली बटणं, बाटल्यांची झाकणं, पेनांच्या स्प्रिंगा, काहीही. तेव्हा ती पंखाचे दोन भाग चिमटीत घट्ट धरून बसली होती. नखं पांढरी पडलेली.

“बाबा, सोडू?”

“नको.”

“मला नाक खाजवायचंय.”

“गोंद वाळला नाही अजून. हलू नकोस.”

मी जाऊन तिचं नाक खाजवलं. एवढंच काम तिच्या वाट्याला आलं होतं. नवऱ्याकडे लहान शिकंजा नव्हता, मुलगी होती.

विमान मात्र तिचं होतं. माझ्या भावाने तिच्या वाढदिवसाला दिलेलं. शिकाऊ वैमानिकांचं विमान, एका लांब काचेखाली एकापुढे एक अशा दोन जागा; एकाने शिकायचं, दुसऱ्याने शिकवायचं. खोका उघडल्याबरोबर मुंगीने ठरवून टाकलं, “पुढे मी, मागे बाबा.” नवरा हसून हो म्हणाला होता. पहिल्या दिवशी तो खरंच चांगला वागला. ती काडीपेटीच्या काडीने पुढच्या जागेवरच्या प्लास्टिकच्या माणसाला स्वेटर रंगवत होती, तिच्या स्वतःच्या स्वेटरसारखा पिवळा, आणि हा तिच्या शेजारी बसून काडी कशी धरायची ते दाखवत होता. पिवळा रंग माणसाच्या हनुवटीवर आणि एका कानावर गेला. दोघं हसले. मी आत जाऊन चहा टाकला आणि मनात म्हटलं, चला, बापाला मुलगी सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या पिवळ्या छातीवर लाल ठिपका होता.

या ठिपक्याचं सांगितल्याशिवाय माझा नवरा कळायचा नाही. तो चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर दिव्यासमोर एकेक काच धरायची, बुडबुडा, ओरखडा, लाट दिसली की तिच्यावर लाल कागदी ठिपका चिकटवायचा आणि बाजूला सारायची. चांगल्या काचेवर काही चिकटवायचं नसतं, काही बोलायचंही नसतं. आधी तो घासायच्या चाकावर होता. तिथे एक काच फुटून उजव्या अंगठ्यावर आडवी चीर गेली, ती खूण अजून आहे. नवीन पोरांना तो अंगठा दाखवून म्हणतो, “काम असं शिकतात.”

लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याने ठिपक्यांची एक गुंडाळी घरी आणली. डगमगत्या खुर्चीवर एक लावला, ठीक होतं. खुर्ची डगमगतच होती. मग मी इस्त्री केलेल्या शर्टावर, कॉलरला सुरकुती होती तिथे. मग सासूबाईंच्या रेडिओवर. दुरुस्त तो काहीच करायचा नाही, ठिपका लावायचा. सासूबाईंनी एकदा त्याच्याच पाठीवर लावून त्याला कामाला पाठवला होता. आम्ही दोघी दिवसभर हसलो. हसण्यावारी नेता येत होतं तोवर नेलं.

मुंगीच्या चित्रांवर ठिपके यायला लागले तेव्हा मी भांडले. तो म्हणाला, “चूक दाखवायची नाही का मग?” थोडे दिवस बंद झाले. मग एकदा मुंगीने चित्र आणून त्याच्या हातात दिलं, घर, झाड, सूर्य, आणि सूर्याच्या बाहेर जिथे खडू गेला होता तिथे ठिपका आधीच लावलेला. तिने स्वतः लावलेला. नवऱ्याने तो बघितला आणि खूश होऊन तिच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास. डोळा तयार होतोय.” मला त्या थापेची शिसारी आली.

तर विमान. पिवळ्या स्वेटरवाला माणूस बाद झाला. “असे कपडे घालत नाहीत वैमानिक,” नवरा म्हणाला आणि त्याने खोक्यातला जास्तीचा माणूस घेऊन हिरवा रंगवला, पट्टे-बिट्टे काढून, भिंग लावून. पिवळा माणूस मुंगीने काडीपेटीत घातला आणि काडीपेटी उशीखाली ठेवली. पंखाची एक बाजू तिने चिकटवली होती, ती त्याने ब्लेडने सोडवून पुन्हा चिकटवली. तिने चाकं रंगवली, त्याने खरवडली. त्यानंतर ती विचारायला लागली, “बाबा, मी धरू का?” बाकी काही ती मागेनाशी झाली.

आणि फोटो. याचा मला सगळ्यात जास्त संताप यायचा. कारखान्यातल्या लोकांना रोज फोटो जायचे, ‘लेकीबरोबर विमान’.

“हात इथे ठेव,” तो तिला सांगायचा. “ब्रश घे. टेकवू नकोस. रंगवल्यासारखं कर. आता हस.”

ती रंगवल्यासारखं करायची आणि हसल्यासारखंही करायची. मग फोन टिंगटिंग वाजत राहायचा. किती छान, किती वेळ देता हो मुलीला, नशीबवान पोर. तो जेवताना एकेक वाचून दाखवायचा. मी ताटात बघत राहायचे.

काच बसवायचं काम त्याने शनिवारी केलं. खरी काच नाही, पारदर्शक प्लास्टिकचं झाकण. पण तो काचच म्हणायचा, आणि हा भाग त्याच्या हातखंड्याचा. कुणी श्वाससुद्धा जोरात घ्यायचा नाही. आतून त्याने ती कापडाने पुसली, आतून अंगठ्याने धरून उजेडात बघितली, वरून दाबून दाबून बसते का ते पाहिलं. मग झटकन चिकटणाऱ्या गोंदाचे थेंब कडेकडेने सोडले. आत हिरवा माणूस पुढे, हिरवा माणूस मागे. वरून धूळ नको म्हणून खोक्याचं झाकण घातलं.

रविवारी सकाळी त्याच्या ओरडण्याने मी न्हाणीतून तशीच बाहेर आले.

काच धुरकट झाली होती. गोंदाची वाफ आत कोंडली होती आणि आतल्या बाजूने पांढरं पटल धरलं होतं. आणि मधोमध, पुढच्या माणसाच्या डोक्यावर, बोटाच्या तेलावर ती वाफ बसून एक अंगठा उमटला होता. बारीक पांढऱ्या रेघा, एकात एक, अगदी स्पष्ट.

“हात लावू नको म्हटलं होतं ना?” तो मुंगीला म्हणत होता. “म्हटलं होतं की नव्हतं?”

“मी नाही लावला.”

“मग कोणी लावला? आजीने? आईने? या घरात अशी बोटं कोणाची फिरतात?”

“मी नाही, बाबा.”

“खोटं बोलू नकोस. चूक झाली तर झाली म्हण. एवढी मेहनत, आणि तुला एक गोष्ट सांगितलेली कळत नाही. पुन्हा विचारतो. लावला होतास ना हात?”

मुंगीने विमानाकडे बघितलं. मग म्हणाली, “हो.”

“कधी?”

“तू नव्हतास तेव्हा.”

“बघ,” तो माझ्याकडे वळून म्हणाला. “आता कशी बोलली.”

मी फ्रिज दुरुस्त करणाऱ्या कंपनीत फोनवर तक्रारी घेते. कळलं म्हणून म्हटलेलं हो आणि फोन सुटावा म्हणून म्हटलेलं हो, यांतला फरक मला झोपेतही ओळखू येतो. पण मी काही बोलायच्या आत मुंगी उठून गेली.

ती आमच्या खोलीत कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी होती. रडत नव्हती. उजवा हात मुठीत मिटून डाव्या हाताने धरलेला.

“दाखव,” मी म्हटलं.

“काही नाही.”

“भाजलं का? गोंद लागला?”

तिने मूठ उघडली. अंगठ्याच्या पेरावर लाल ठिपका चिकटवला होता. नीट मधोमध, कुठे सुरकुती न पडू देता.

मला काय वाटलं ते सांगायला गेले तर शब्द घाणेरडे येतील. मी ठिपका नखाने काढला. तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. सासूबाई आवाजाने आल्या होत्या आणि चष्मा कपाळावर चढवून विमानाकडे बघत होत्या.

मी मुंगीचा अंगठा काचेला बाहेरून टेकवला. आतला ठसा तिच्या अंगठ्याच्या चारही बाजूंनी उरला. तिच्यासारखी दोन बोटं त्यात मावली असती.

“आणि ही रेघ कसली आहे?” मी विचारलं.

पांढऱ्या रेघांमधून एक कोरी पट्टी आडवी गेली होती. नवऱ्याने डोळे बारीक केले. दिवसभर काचेतले केसाएवढे ओरखडे शोधणारा माणूस, त्याने हा ठसा सकाळपासून एकदाही नीट बघितला नव्हता. बघायची गरजच पडली नव्हती त्याला. त्याने आपला उजवा अंगठा किंचित वर केला आणि लगेच खिशात घातला.

“बसवताना लागला असेल,” तो म्हणाला.

मी थांबले. मुंगीसुद्धा थांबली होती, हे तिच्या हातातून मला कळत होतं. एक शब्द पुरला असता.

“पण मग ती हो का म्हणाली?” तो म्हणाला. “हे बरोबर नाही. हात लावला नव्हता तर नाही म्हणायचं. खोटं बोलायची सवय लागतेय तिला.”

मी त्याच्याकडे बघितलं. नखांत राखाडी रंग, बनियनवर गोंदाचे वाळलेले थेंब, आणि चेहरा अगदी प्रामाणिक. त्याला खरंच तसं वाटत होतं. मला त्याची किळस आली.

“तूही म्हणायचास,” सासूबाई म्हणाल्या.

“काय?”

“हो म्हणायचास. तुझे वडील विचारायला लागले की. दिवा फुटला तेव्हा म्हणालास, घड्याळ बंद पडलं तेव्हा म्हणालास. घड्याळाला तर तुझा हातसुद्धा पुरत नव्हता.”

नवऱ्याने मान खाली घातली आणि ब्लेडने टेबलावरचा एक वाळलेला थेंब खरवडायला लागला. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते करावं, याने माझी किळस वाढलीच. सासूबाईंनी तेव्हा काय केलं होतं ते मी विचारलं नाही. काहीच केलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

मी खोलीत जाऊन उशीखालची काडीपेटी आणली आणि मुंगीच्या हातात दिली. ड्रॉवरमधून लाल ठिपक्यांची गुंडाळी काढली, केराच्या टोपलीत टाकली आणि तिच्यावर चहाचा चोथा ओतला. मग ओल्या फडक्याने टेबलाचा एक कोपरा पुसायला घेतला.

“विमान आता आईंच्या खोलीत जाईल,” मी म्हटलं. “ते मुंगीचं आहे, पुढचं तीच करील. काच काढावी लागेल, तिला तिचा माणूस पुढे बसवायचा आहे. तडा गेला तर गेला.”

“माझ्या खोलीत वास मारेल त्याचा,” सासूबाई म्हणाल्या.

“खिडकी उघडी ठेवू.”

“ठेवू,” त्या म्हणाल्या.

“अगं, पण तिला एकटीला ते...” नवऱ्याने सुरुवात केली.

“तिने हाक मारली तर तू जायचंस. नाही मारली तर जायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. ठिपके कारखान्यात राहतील, या घरात परत येणार नाहीत. आणि आज सगळे टेबलावर जेवणार आहेत, तेव्हा हे उचल.”