दसऱ्याला पुजलेली माशांची अंडी

कारंज्याच्या आमच्या कॉलेजात ते यंत्र आलं तेव्हा मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात रखडले होते. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये माशाचा एकेक भ्रूण ठेवायचा. यंत्र आपलं आपण सगळ्यांचे फोटो काढतं आणि कोणता किती हिरवा चमकतो ते सांगतं. मी डीएनएचा एक तुकडा शोधला होता. तो हृदयातलं जनुक सुरू करतो, असा माझा दावा. दावा खरा असेल, तर हिरवं चमकणारं जनुक जोडून तो तुकडा टोचलेल्या भ्रूणाचं फक्त हृदय चमकायला हवं. नाहीतर चार वर्षं पाण्यात.

दसऱ्याला माझ्या गाइड सरांनी यंत्राची पूजा ठेवली. जनुकांवर दोन तास बोलणारे हे गृहस्थ नारळ फोडल्याशिवाय प्लगसुद्धा लावत नाहीत. विभागात बाई मी एकटी, म्हणून हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात आलं. आमचं घर बौद्ध, घरात छप्पन सालापासून पूजा नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. मी ताटातली हळद पाण्यात कालवली. यंत्राला हळदीची बोटं लावली.

"प्लेटवर बी शिंपड," सर म्हणाले. "झाकण काढ न."

बरोबरच आहे, झाकणातून आशीर्वाद आत कसा जाणार? मी फुलाने हळदीचं पाणी शिंपडलं.

तासाभरात निकाल आला: शहाण्णवच्या शहाण्णव हिरवे. सरांनी पेढे मागवले, पेपरवाल्याला फोन लावला. मी फोटो उघडले. डोळे, शेपटी, बलक, सगळंच हिरवं. तुलनेसाठी ठेवलेल्या ज्या बारा भ्रूणांना तुकडा टोचलाच नव्हता, तेही हिरवेगार. हळद निळ्या उजेडात हिरवी चमकते. यंत्राने इमानदारीने हळद मोजली होती.

"सर, हे हळद चमकून राह्यली. बिनटोचलेले बी चमकले."

"मंग ते बारा काढून टाक. तुह्याच प्रबंधाचं भलं हाय."

दुसऱ्या दिवशी मी नवी प्लेट लावली, पूजेविना. एकही हृदय चमकलं नाही. मी जिन्यात बसून रडले, मग दोन्ही प्लेटांचे फोटो घेऊन संशोधन समितीपुढे उभी राहिले.

सरांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "हळद इनंच लावली होती," ते म्हणाले.

"हो, मीच लावली."

समितीवर विद्यापीठातून आलेल्या वयस्कर बाईंनी चष्मा काढला. "तुमच्यात पूजा नसते न बाई? मंग 'नाही' कायले नाही म्हटलं?"

चार वर्षांत मला कुणी विचारलेला हा पहिला नेमका प्रश्न होता. मी सरांकडे पाहूनच उत्तर दिलं.

"मले प्रबंधावर यांची सही पायजे होती."