सोनकीची सोयरीक

साळूबाईला प्रश्न विचारायची खोड होती. विहिरीवर नवी सून दिसली, की घागर भरायच्या आत तिच्या आजोळची गाय कोणत्या रंगाची हे साळूबाईला कळलेलं असायचं. विट्याहून औंधाकडं जाणाऱ्या वाटेवरचं ते गाव. वाटसरू पाणी प्यायला टेकला, की त्याची सात पिढ्यांची सोयरी ही बाई उकरून काढायची. गावच्या बाया म्हणायच्या, "साळूबाईपुढनं मुंगी गेली तरी कुठं निगालीस म्हणून इचारंल ती." आणि खरंच विचारलं असतं, हो! तिला त्यात काडीचीही लाज वाटत नव्हती.

पण या खोडीचा खरा बहर बघायचा तर तिच्या घरी कुत्र्याचं पिल्लू मागायला जावं.

तिच्याकडं सासऱ्यापासून चालत आलेली शिकारी कुत्री होती. लांबट तोंडाची, बारीक कमरेची, ससा उठला की माळावर नुसती धुळीची रेघ दिसायची. अशा कुत्र्यांना तेव्हा भारी मागणी. विट्याच्या बाजारात लोक पाटीत पिल्लं घेऊन बसायचे. डोळे नीट उघडलेले नाहीत, आईच्या अंगाचा वास अजून गेला नाही, अशी ती पिल्लं बोटाला लुचत असायची आणि आला गेला मानगूट धरून उचलून न्यायचा. साळूबाई त्या पाटीजवळून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "वांगी हायत का रं ही?"

तिच्या घरची रीतच वेगळी. पिल्लू मागायला यायचं तर नारळ आणि खण घेऊन यायचं. पैशाचं नाव काढलं की ती उठून आत जायची. मग ओसरीवर बसवून चौकशी सुरू. उन्हाळ्यात कुत्र्याला सावली कुठली? घरात ताक असतं का? भाकरी कोण घालणार? 'हाड हाड' करणारं घरात कोण आहे? एखादा वैतागायचा, "आवं, कुत्रं मागतोय, पोरगी न्हाई!" मग त्याला चहा मिळायचा, पिल्लू मिळायचं नाही. आणि ज्याला मिळायचं त्यालाही ते आपल्या दातानं भाकरी फोडायला लागेपर्यंत आईजवळून हलवता यायचं नाही. शेवटची अट सगळ्यात कडक. पिल्लू नकोसं झालं तर तिसऱ्याला द्यायचं नाही, परत आणायचं.

"लेक नांदली न्हाई तर म्हायेरी येती," ती म्हणायची, "बाजारात बसत न्हाई."

आणि सुगी उरकली, की ती दर साली आपल्या या लेकी बघायला निघायची. पिल्लू गेलेल्या घरी दुपारी जाऊन बसायची, कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवायची, दात बघायची, घरच्या बाईला चार प्रश्न विचारायची, आणि दिवस मावळायच्या आत परत. तिचा नवरा लालासाहेब लढाईवरून नुकताच पेन्शनीत आलेला. तो दारात उभा राहून सलाम ठोकायचा, "कर्नलसाब इन्स्पेक्शनको चले!"

त्या सुमाराला घरात होती ती सोनकी. पठारावरच्या सोनकीच्या फुलासारखी पिवळी, म्हणून सोनकी. तिची आई तांबडी मरून गेली होती, पण गावात अजून तिचं नाव निघायचं. का, तर तांबडी दिवेलागणीला उंबऱ्यात येऊन बसायची ती बसायचीच. लढाईच्या दिवसांत रॉकेलचा थेंब मिळत नव्हता, देवापुढच्या एका पणतीवर घरं चालायची; पण दिवा लागला की तांबडी उंबरा सोडायची नाही. हाका मारा, भाकरी दाखवा, हलायची नाही. बाया हात जोडायच्या. "लक्षुमी हाय गं साळूबाई तुजी. तिनीसांजचं दार राखती." साळूबाईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पिल्लू मागायला येणाऱ्याला ती हे आवर्जून ऐकवायची.

सोनकीलाही हीच सवय होती.

साळूबाईनं सोनकीला सारखी पिल्लं कधी होऊ दिली नव्हती. एकदा व्याली की पुढं माजावर आली तरी घरात कोंडून ठेवायची, अंग भरून येऊ द्यायची. आता सोनकीच्या तोंडावर पांढरे केस दिसू लागले होते. एकच वेत घ्यायचं आणि मग तिला सुखानं बसू द्यायचं, असं ठरलं. हे शेवटचं वेत. त्यातली एक मादी घरी ठेवायची, म्हणजे सासऱ्याची जात पुढं चालली. आणि एक पिल्लू लालासाहेबानं साताऱ्याच्या हंबीरराव सुभेदारांना कबूल केलं होतं. लढाईत पायात गोळी घेऊन पडलेल्या लालासाहेबाला याच सुभेदारांनी पाठीवर टाकून आणलं होतं. त्या उपकाराला दुसरं काय देणार तो?

प्रश्न होता नराचा.

"त्यात काय इचार करायचा?" लालासाहेब म्हणाला. "नानासोचा तुर्रा! एकदम फस्ट क्लास. औंधापतूर नाव हाय त्याचं."

"नाव हाय ते ऐकलंय. मी बघून येनार."

"सोयरीक जुळवतीस का काय?"

"मग? जुळवायला नगं?"

छकडा जुंपून दोघं नानासोच्या गावी गेली. तुर्रा खरोखरच देखणा होता. साळूबाईनं त्याचे कान उलटे करून बघितले, दात बघितले, अंगणात पळवून बघितला, पंजे हातात धरून बोटं चाचपली. नानासो हसत सुटला. "वैनी, नवरामुलगा पसंत हाय का?"

"दिसायला बरा हाय. भावंडं कुठं हायत त्याची?"

"भावंडं? कुणाला ठावं!"

"मग पिल्लं?"

"पिल्लं लय. कुणीबी कुत्री घिऊन येतंय, आमी सोडतो. वर्साला दोनदा आन की, आपलं काय जातंय? ज्याची कुत्री त्यो घिऊन जातो पाटी भरून."

"आन् ती पुढं कशी निपजली?"

नानासोनं लालासाहेबाकडं बघितलं. असा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता. शेवटी डोकं खाजवून त्याला एक नाव आठवलं. धुळा धनगर. त्याच्या कुत्रीला तुर्ऱ्याची पिल्लं झाली होती आणि त्यानं एक पाळलं होतं. मेंढरं सध्या खानापूरच्या अंगाला बसली होती.

साळूबाई लगेच छकड्यात चढली. लालासाहेबानं कपाळावर हात मारला, पण बैल त्याच बाजूला वळवले. बायको एकदा चौकशीच्या मागं लागली, की तिच्यापुढं पलटणसुद्धा चालत नाही, हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

मेंढवाड्यावर पोचेस्तोवर उन्हं उतरली. धुळानं पाळलेली तुर्ऱ्याची लेक, भिंगरी, समोर आली. बघून साळूबाईला भरून आलं. काय तो बांधा, काय ती चाल! "पोर न्यारी हाय रं धुळा," ती म्हणाली, आणि लालासाहेबानं मिशीवरून हात फिरवला. सोयरीक जुळली म्हणायची.

पण धुळानं दूध तापवलं, गप्पा निघाल्या, आणि बघता बघता दिवस बुडाला. मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात, आली. धुळानं शीळ घातली. भिंगरी उठली, चार पावलं चालली आणि वाघराच्या जाळीत तोंड खुपसून थांबली. मागं सरली, परत तिथंच धडकली. मग धुळाच्या बायकोनं चुलीत काटकी सारली, उजेड झाला, तशी ती त्या उजेडाशी आली आणि गप बसून राहिली.

"हिला काय झालं रं?" साळूबाईनं विचारलं.

"रातआंधळी हाय, आक्का. दिसाची तलवार हाय, पन अंधार पडला की काय दिसत न्हाई. मागं लांडग्यानं हिच्या म्होरनं कोकरू उचललं. हिला पत्ताच न्हाई. हिचा भाऊबी तसाच, त्यो हिरीत पडला."

साळूबाई ताठ झाली. खरं सांगायचं तर तिला दुःख कमी आणि आनंदच जास्त झाला. बरं झालं आपण आलो! नवऱ्याकडं वळून म्हणाली, "बघा तुमचा फस्ट क्लास! औंधापतूर नाव! आंधळी पिल्लं जन्माला घालतोय आन् त्या नानासोला खबर न्हाई!"

लालासाहेबानं मान खाली घातली. साळूबाईचं तोंड मात्र आता थांबत नव्हतं. नुसत्या सवयीनं तिनं पुढचा प्रश्न विचारला, "आन् हिची आई कुठली रं?"

"आई?" धुळाला नवल वाटलं. "तुमच्याच घरची की, आक्का! माज्या सासऱ्यानं, बिराप्पानं, तुमच्याकडनं न्हेली हुती. तांबडीची लेक. लग्नात त्यानं मला आंदन दिली."

बिराप्पा! साळूबाईनं त्याला पिल्लू दिलं होतं खरं. धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे, त्यांची गाठ पडायची नाही, म्हणून तेवढी एक लेक तिच्या बघण्यातून सुटली होती.

ती चुलीकडं बघत राहिली. उजेडाला चिकटून बसलेली भिंगरी कान ताठ करून, डोळे मोठे करून अंधारात बघत होती. अशी बसलेली कुत्री साळूबाईनं वर्षानुवर्षं बघितली होती. रोज. आपल्याच उंबऱ्यात.

परतीच्या वाटेवर तिनं एकही प्रश्न विचारला नाही. लालासाहेब घाबरला. "अगं, बरं वाटत न्हाई का?" म्हणून त्यानं दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं भिंतीकडंची बाज ओढून अंगणाच्या मधोमध आणली. अंधार पडू दिला, दिवा लावला नाही. सोनकी उंबऱ्यात येऊन बसली होती. साळूबाई अंगणाच्या पलीकडं भाकरीचा तुकडा घेऊन उभी राहिली. "सोनके, यू यू! ये बाय!"

सोनकी घुटमळली. मग धनिणीची हाक म्हणून उठली आणि रोजच्या वाटेनं सरळ आली. बाजेच्या लाकडावर तिचं कपाळ खाडकन आदळलं.

ती ओरडली नाही. मागं सरकून उभी राहिली आणि कुठं बघायचं ते न कळून शेपूट हलवू लागली.

साळूबाईनं भाकरी टाकून तिचं कपाळ चाचपलं. लालासाहेब धावत आला. "अगं, अंधारात मलाबी बाज लागंल की!"

"तुमी शिव्या दिल्या असत्या. ती बगा, शेपूट हालवती. रोजचंच हाय तिला." साळूबाईला रडू आवरेना. "आंगन पाठ हाय म्हणून चालती ती. आन् आमी लक्षुमी म्हणत बसलो! तांबडीला कायबी दिसत नव्हतं हो, दिव्यापाशी भ्याऊन बसायची ती. आन् मी मिरवत हिंडले!"

लालासाहेबानं बाज परत भिंतीला सारली. मग हळूच म्हणाला, "कुनाला सांगू नगंस. एक वेत हू दे. समदीच आंधळी थोडीच निपजत्यात? सुभेदारांना शबुद दिलाय मी."

सोनकीचं डोकं मांडीवर घेऊन साळूबाई बसली होती. त्याचं म्हणणं तिला पटावं असं फार वाटत होतं. ही जात संपली तर सासऱ्याचं नाव संपलं, आणि तिचंही. कुणी नारळ आणि खण घेऊन तिच्या ओसरीवर येणार नव्हतं.

"नानासोला मी काय म्हणाले, ठावं हाय न्हवं?" ती शेवटी म्हणाली. "त्यो बगत न्हाई म्हणून मी त्याला नावं ठेवली. मी बगते म्हणून माजा तोरा. आता बगून झालंय की."

सोनकी माजावर आली तेव्हा घराचं दार बंद राहिलं. लालासाहेब सुभेदारांना सांगायला साताऱ्याला गेला आणि तोंड पाडून परत आला. "काय म्हनले?" साळूबाईनं विचारलं. "काय न्हाई. च्या पाजला."

मग साळूबाई आपल्या लेकींच्या घरी निघाली. या खेपेला दिवस मावळताना पोचायची आणि मुक्काम करायची. अंगणात बाज नाहीतर पाटी आडवी ठेवून कुत्र्याला हाक मारायची. काही कुत्री टाळून गेली, काही धडकली. दोन्ही ठिकाणी तिनं एकच सांगितलं, "हिच्यावर पिल्लं काढू नगा. हिला दिसू दे न्हाईतर न दिसू दे, रगतातली खोट माज्या घरची हाय. नकोशी झाली तर माज्याकडं आना." कुणी हसलं, कुणाला राग आला. एका घरच्या बनुबाईनं तर तोंडावर विचारलं, "आमच्या घरात ताक हाय का, सावली हाय का, समदं इचारलंत. सवताच्या घरचं कुत्रं आंधळं हाय, हे कसं इचारलं न्हाई वो?"

साळूबाई वाकून त्या बाईच्या पाया पडली. बनुबाईच ओशाळली आणि तिला जेवायला वाढायला धावली.

विट्याच्या बाजारात नानासोच्या तुर्ऱ्याची पिल्लं पाटीत येतच राहिली. साळूबाई पाटीजवळ उभी राहून गिऱ्हाइकाला सांगायची, "दिव्याबिगर चालवून बग बाबा आदी." काही ऐकायचे. बरेचसे नाही ऐकायचे.

पावसाळा सरला तसा धुळा दारात उभा राहिला. दोरीनं भिंगरी धरली होती. आता मेंढरं घाटाखाली न्यायची, रानातल्या मुक्कामात हिचा निभाव लागायचा नाही. "तुमी सासऱ्याला म्हनला हुता, आक्का," तो चाचरत म्हणाला, "म्हायेरी आन म्हणून."

साळूबाईनं भिंगरीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि तिला आत घेतलं. त्या दिवसापासून अंगणातली बाज भिंतीपासून कुणी हलवायची नाही, असा लालासाहेबानं घरात हुकूम काढला.

एका संध्याकाळी दिवा लावून साळूबाई दारात उभी होती. उंबऱ्याच्या या टोकाला सोनकी, त्या टोकाला भिंगरी. विहिरीवरून येणारी एक नवी सून थबकली, घागर सावरत तिनं कुत्र्यांना हात जोडले. "सासूबाई सांगत हुत्या ते खरं म्हनायचं. अगदी दोन लक्षुम्या बसल्यात दारात, साळूआत्ती!"

"लक्षुम्या न्हाईत गं पोरी," साळूबाई म्हणाली. "आंधळ्या हायत त्या. माज्या घरच्या हायत." आणि तिनं दिवा उचलून दोघींच्या मधे, खाली ठेवला.