वरचं पाणी

फाउस्ता कोचाचिनचं घर कुठं, हे आमच्या गावात कुणाला विचारावं लागत नसे. वाऱ्याकडं नाक केलं की पाय आपोआप तिच्या दाराशी जायचे. ती तोकोश करायची. नवे बटाटे निघाले की वाहत्या पाण्याच्या काठी खड्डा खणायचा, आतून डोंगरी गवताचं अस्तर लावायचं, बटाटे भरून वर दगड ठेवायचे, आणि करंगळीएवढी धार एका अंगानं आत, दुसऱ्या अंगानं बाहेर, अशी आठ-दहा महिने अखंड वाहती ठेवायची. बटाटा पाण्याखाली कुजतो, लोण्यासारखा मऊ होतो, आणि असा वास सुटतो की परका माणूस उंबऱ्यावरूनच मागं फिरतो. पण बाळंतिणीला, तापकऱ्याला, पोट बिघडलेल्या लेकराला लापशी लागते ती त्याचीच. आमच्या खोऱ्यातली दोन पिढ्यांची बाळंतपणं फाउस्ताच्या लापशीवर निघाली.

तिचा नवरा हिलारियो जिवंत होता तेव्हा चिचाची, मक्याच्या दारूची, दोन मडकी पोटात गेली की चारचौघांत म्हणायचा, "माझ्या घरात कुजक्या बटाट्यांची तीन पोती आहेत. त्यातल्या एका पोत्याशी माझं लग्न लागलंय."

"म्हणूनच टिकलायस," फाउस्ता म्हणायची. "कोरडा राहिला असतास तर केव्हाच किडला असतास."

तोकोशची करामत बटाट्यात नसते, पाण्यात असते. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. खड्डा खणण्याआधी फाउस्ता पाणी चाखायची. सकाळी, उपाशीपोटी, तोंडात चघळायचं कोकाचं पान नसताना. ओंजळीत पाणी घ्यायची, तोंडात धरायची आणि डोळे मिटून इतका वेळ उभी राहायची की बघणाऱ्यालाच तहान लागावी. मग थुंकायची आणि सांगायची. हे पाणी मातीतून आलंय, हे खडकातून, यात वर कुठंतरी मेंढी मेलीय. एकदा तसं म्हणाली आणि आम्ही वर जाऊन पाहिलं, तर खरंच मेंढी सापडली. तेव्हापासून कुठं टाकं बांधायचं, कुठून पाट काढायचा, हे गाव तिच्या जिभेला विचारून ठरवू लागलं.

पाणी यायचं रुरीराहूवरून. आमच्या बापाच्या वेळी त्या डोंगराचं बर्फ वरच्या कुरणापर्यंत उतरलेलं असे. मला मिसरूड फुटलं तेव्हा ते कुरणापासून तासाभराच्या चढावर होतं. आता अर्धा दिवस चालावं लागतं. बर्फ मागं सरकलं तिथं काळा, उघडा खडक राहिला, आणि खडकाच्या खळग्यात एक तळं साचलं. त्या तळ्याला नाव नाही. आमच्या पूर्वजांनी प्रत्येक दगडाला नाव ठेवलं, पण ते होते तेव्हा तिथं तळं नव्हतंच.

मग तिथून गावाकडं येणारा ओढा बदलला. आधी दगडांवर तव्याच्या गंजासारखी साय धरली. पुढच्या वर्षी दगड लाल झाले, विटेसारखे. एका पावसाळ्यात मासे पोट वर करून वाहत आले. बेडूक गप्प झाले, शेवाळ गेलं. मेंढ्या काठाशी येऊन मान फिरवू लागल्या. पाणी मात्र पूर्वी कधी नव्हतं इतकं नितळ दिसू लागलं. तळाचा खडा मोजावा असं. वर खाण नाही, कारखाना नाही, त्यामुळं बोट कुणाकडं दाखवावं कळेना. मग माणसं एकमेकांकडं दाखवू लागली. कुणी म्हणे उताराजवळ लोकर रंगवतात त्यांचं हे काम, कुणी म्हणे डोंगराला नैवेद्य द्यायचा राहिला.

त्या साली फाउस्ताचा तोकोश अर्धाकच्चा निघाला. वर मऊ, आत गाठ. दोष पाण्याचा आहे, असं ती म्हणाली. पाण्याचा पाटकरी सेव्हेरो ओरोपेसा तिच्याच वयाचा, लहानपणी तिच्याबरोबर मेंढ्या राखलेला. तो बाजारात सगळ्यांदेखत म्हणाला, की हात म्हातारा झाला की बाई पाण्याला नावं ठेवते. लोक हसले. हसणाऱ्यांत मीही होतो, म्हणून तिचा चेहरा मला आठवतो.

पुढच्या वर्षी तालुक्याहून पाइप मंजूर झाले. एका ओळीपुरतेच, एकदाच. पाणी कुठून आणायचं ते गावानं ठरवायचं होतं. गावसभेत सेव्हेरो म्हणाला, उन्हाच्या अंगाला पाणथळ कुरणात झरा आहे तो धरू. धार बारीक आहे, पण गवतातून गाळून येते, वर्षानुवर्षं तशीच आहे.

फाउस्ता उभी राहिली. "गुरांच्या खुरांतलं पाणी पाजणार होय लोकांना? अरे, ओढा खाली येता येता घाण होतो. शंभर हात लागतात त्याला. जितकं वर जाल तितकं पाणी कोवळं. डोंगराच्या छातीला तोंड लावायचं सोडून हा पाटकरी आपल्याला त्याच्या पायाचं पाणी पाजतोय."

हे बोलणं गावाला पटलं. आम्हाला सगळ्यांना तेच ठाऊक होतं. पाणी वर शुद्ध असतं, खाली मळतं. जन्मापासून कुणी दुसरं सांगितलंच नव्हतं. ठरलं असं, की बाराजणांनी फाउस्ताला घेऊन तळ्यापर्यंत जायचं. तिनं चाखून सांगायचं.

त्या बाराजणांत मी होतो. तिचं वय साठीच्या पुढं. बर्फाच्या खालच्या चढावर तिचा श्वास पुरेना, ओठ निळे झाले. आम्ही सगळे कोका चघळत होतो, तिनंही घेतली. कोकानं छातीला बळ येतं, पण गाल आणि जीभ लाकडासारखी होते. चाखायच्या दिवशी ती पान तोंडात घेत नाही, हे आम्हा बाराजणांना माहीत होतं. कुणी बोललं नाही. वर पोचलो तेव्हा वारा सुऱ्यासारखा होता. तिनं पानं थुंकली, चूळ भरली, बर्फातून गळणारं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात धरलं. खूप वेळ धरलं. एकदा तिचा जबडा हलला, खडा चावल्यासारखा.

"हेच," ती म्हणाली.

चार महिने गावकाम चाललं. दर घरामागं एक माणूस. खडक फोडला, पाइप खांद्यावरून वर नेले, दोघांचे पाय मोडले. पाणी आलं त्या दिवशी तुतारीवाले आले, डुकरं कापली. पहिला पेला पाटकऱ्यानं प्यायचा म्हणून सेव्हेरो प्यायला. तो एवढंच म्हणाला की थंड आहे. फाउस्तानं अंगणातच खड्डा खणला आणि नळाची धार त्यात सोडली. त्या वर्षी ती चालताना मान जरा वर ठेवून चालायची.

पावसाळ्यात चहा काळा पडू लागला. पांढरे सदरे पिवळे झाले. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं पडू लागली. आम्ही म्हणालो, नव्या पाइपाचा रंग उतरत असेल. चार महिने खांद्यावर वाहिलेल्या पाइपाबद्दल माणूस वाईट कसं बोलणार?

मार्चमध्ये फाउस्ताची सून एल्विया बाळंत झाली. लापशीसाठी फाउस्तानं खड्डा उघडला. दगड काढले, गवत बाजूला केलं, आणि तिला वास आला नाही. काहीच नाही. नऊ महिने पाण्याखाली राहिलेला बटाटा तिनं उचलला, तर तो हातात दगडासारखा टणक. कापला तर सुरी करकरली. ज्या पाण्यात बटाटासुद्धा कुजत नाही त्यात काय आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. पुढं बाटल्या आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन आलेल्या शहरातल्या लोकांना जे दोन दिवस लागले, ते तिला एका कापात कळलं.

तिनं खड्डा बुजवला. दुसऱ्या दिवशी घाट ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात मावसबहिणीकडं गेली, तिथून पोतंभर तोकोश आणला आणि घरचा म्हणून रांधला.

"मामाय, हे आपले बटाटे नाहीत," एल्विया म्हणाली.

"तू खा. बाळंतिणीनं चौकशा करू नयेत."

आणि रोज पहाटे ती शालीखाली डबा घेऊन कुरणातल्या झऱ्यावर जाऊ लागली. सुनेचं आणि नातवाचं पाणी तिथून आणायची. कुणी भेटलं तर म्हणे, मेंढी हरवलीय. आपण चुकलो, एवढे दोन शब्द तिच्या तोंडातून निघत नव्हते. आज सांगू, उद्या सांगू, असं तिनं पुढं मला सांगितलं. प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसाहून जड होत गेलं.

त्याच दिवसांत सेव्हेरोची बायको ब्रिहिदा तिच्या दारात आली. चार वर्षांची नात, यानेत, तिचं पोट पावसाळ्यापासून बिघडलेलं. दवाखान्याच्या गोळ्यांनी थांबत नव्हतं.

"तुझ्या हाताचा थोडा तोकोश दे," ब्रिहिदा म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस. ते गाढव आहे."

फाउस्तानं ओटीभर तोकोश दिला. तोंड उघडलं, आणि मिटलं. ब्रिहिदानं घरी जाऊन त्याची लापशी केली. नळाच्या पाण्यात.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात यानेत गेली. दवाखान्यातला माणूस म्हणाला, पोटाचा विकार होता, कारण सांगता येत नाही. आजही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. लहानशा पांढऱ्या पेटीमागं सगळं गाव चाललं. फाउस्ता सर्वांत शेवटी होती.

पुढच्या रविवारी गावसभा भरली. फाउस्ता शालीची गाठ बांधून आली. टेबलाशी गेली, गाठ सोडली आणि खड्डा उकरून काढलेले चार बटाटे मांडले.

"हे नऊ महिने नळाच्या पाण्यात होते," ती म्हणाली. "कुजले नाहीत. हे पाणी पिऊ नका."

लोकांना आधी कळेना. सेव्हेरोनं एक बटाटा उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला, खाली ठेवला.

"तुला कधी कळलं?"

"एल्वियाच्या बाळंतपणाला."

तो बोटांवर आठवडे मोजू लागला. पाचव्या बोटाशी थांबला.

"आणि तुझी सून कुठलं पाणी पिते?"

दारात बाळाला घेऊन एल्विया उभी होती, तिनं मान खाली घातली.

"सांग ना. सगळे ऐकतायत."

"झऱ्याचं," फाउस्ता म्हणाली. मग कुणी विचारलं नसताना ती पुढं बोलली. "वर चाखलं तेव्हाच दात आंबले होते माझे. कोका चघळली होती, गारठा होता, म्हटलं त्यानं असेल. पण दात आंबले होते. मला हरायचं नव्हतं, सेव्हेरो. तुझ्यासमोर."

तिला कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर धावून गेलं नाही. माणसं एकेक करून उठली आणि घरी जाऊन नळ बंद करून आली. दार ओलांडताना ब्रिहिदा तिच्याजवळ थांबली, तिच्याकडं पाहिलं, आणि गेली.

शहरातून माणसं आली, पट्ट्या बुडवल्या, पट्ट्या लाल झाल्या. त्यांनी सांगितलं, बर्फाखाली हजारो वर्षं झाकलेला खडक उघडा पडला, त्याला हवा लागली, पाणी लागलं, आणि त्यातून आंबट विष सुटतंय. जितकं वर जाल तितकं जास्त. खडक पुन्हा झाकता येतो का, असं सेव्हेरोनं विचारलं. त्यांच्यातली एक मुलगी आदरानं म्हणाली, "तायता, तो झाकायला बर्फच लागेल." दुसरे पाइप मिळणार नाहीत, हे त्यांनी जाताना सांगितलं.

तेव्हापासून गाव झऱ्यावर आहे. जाऊन येऊन दोन तास. सोळा घरं किनाऱ्याकडच्या शहरांत उतरली. एल्विया आणि तिचा नवरा जुलैत गेले. फाउस्ताला चल म्हणाले, ती गेली नाही. तिला आता पाणी चाखायला कुणी सांगत नव्हतं. एकदा नवख्या मास्तरानं विचारलं तर म्हणाली, "आधी मेंढीला दाखव. मेंढीला मान नसतो."

ती रोज दोन डबे आणायची. एक स्वतःला, एक सेव्हेरोच्या दाराशी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रिहिदा बाहेर यायची, डबा उचलायची, उंबऱ्यासमोर मातीत रिकामा करायची आणि परत द्यायची. रोज. ती जागा हिरवी झाली, तिथं गवत उगवलं. फाउस्ता रिकामा डबा घेऊन घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी भरून आणायची. मी हे शेजारून पाहत होतो. थांबव म्हणायचं धाडस मला दोघींपैकी कुणापाशी झालं नाही.

ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या कोरड्या दिवसांत, झराही आटू लागला. वरच्या कुरणावर बर्फ पडलंच नव्हतं, मग झऱ्यात येणार कुठून? सेव्हेरो झऱ्यावर बसून वाटप करू लागला. माणशी एक डबा, त्याहून थेंब नाही. फाउस्तानंही रांगेत उभं राहून एकच डबा घेतला. तो घेऊन ती नेहमीसारखी ब्रिहिदाच्या दाराशी आली.

ब्रिहिदानं डबा उचलला. उंबऱ्यापर्यंत नेला. तिरपा केला, आणि तसाच धरून उभी राहिली. तिचे ओठ फुटलेले होते. मग ती वळली, आत गेली, मडक्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. रिकामा डबा तिनं बाहेर ठेवला आणि फाउस्ताकडं न पाहता दार लावून घेतलं.

फाउस्तानं डबा उचलला आणि पुन्हा झऱ्याच्या वाटेला लागली. त्या दिवशी तिला दुसरा डबा मिळणार नव्हता, हे तिलाही माहीत होतं.