चारुलताची हिरवी झेन

कुकटपल्लीच्या एका कारखान्यात चारुलता ड्रॉइंग काढायची. दांडे, दातेरी चाकं, स्प्रिंगा. अकरा वर्षं टेबलाशी वाकून तिने हजारो सुटे भाग कागदावर उतरवले, पण त्यातला एखादा कुठे जाऊन बसला, फिरला की नाही, हे तिला कधी कळलं नाही. म्हणून पंच्याण्णव साली घरात गाडी घ्यायची ठरली, तेव्हा तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "अहो, गाडी मी चालवणार. आणि मला हवी तशी करून घेणार."

प्रशांत रेल्वेच्या ऑफिसात होता, स्कूटरसुद्धा जपून चालवणारा. तो म्हणाला, "कर बाई. मला फक्त वेळेवर पोचव."

बाटलीच्या काचेसारखी हिरवी झेन दारात आली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली गेली. महिनाभरातच चारुलता ती घेऊन सिकंदराबादला मस्तान मिस्त्रीकडे गेली. रुंद टायर, छोटं जाड स्टिअरिंग, घुमणारा सायलेन्सर आणि आखूड स्प्रिंगा लावून गाडी खाली बसवायची, असं तिने मापांसकट कागदावर काढून नेलं होतं. मिस्त्रीने कागद उलटसुलट करून पाहिला.

"अम्मा, नीचे करे तो शेर के जैसी दिखती," तो म्हणाला, "मगर घर के लोगां पुटपुट करते. पैलेच बोल देरा मैं."

मिस्त्रीचं खरं ठरलं. मारेडपल्लीत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर होता, म्हशीच्या पाठीएवढा. चौघं बसली की झेनचं पोट त्याला घासायचं. मग रोज सकाळी एकच सोहळा. चारुलता गाडी थांबवायची. प्रशांत डबा घेऊन उतरायचा, मुलगी वैशाली दप्तर घेऊन उतरायची, आणि सासूबाई भाग्यलक्ष्मी निऱ्या सावरत उतरायच्या. तिघं स्पीडब्रेकर चालत ओलांडायची, मागून रिकामी गाडी तिरकी करून चारुलता हळूच पार करायची, आणि मंडळी पुन्हा आत. गल्लीतले लोक दात घासता घासता बघत उभे राहायचे. वैशालीला लाज वाटायची. प्रशांत पुटपुटायचा. भाग्यलक्ष्मीबाई मात्र कधी काही बोलल्या नाहीत. शनिवारी कोठी भागात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असलं की त्या आधीच तयार होऊन पुढच्या सीटवर बसलेल्या असायच्या.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत शहरात बायकांची मोटार रॅली निघाली. जोरात पळवायची शर्यत नव्हती ती. वाटेतल्या प्रत्येक तपासणी चौकीवर ठरल्या मिनिटाला पोचायचं. उशीर झाला तर गुण कमी, लवकर पोचलं तरी कमी. एकीने चालवायचं, दुसरीने शेजारी बसून रस्ता आणि घड्याळ सांभाळायचं. चारुलताची ऑफिसातली मैत्रीण शेजारी बसणार होती. आदल्या दिवशी तिला ताप भरला.

"मी येते," भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"आई, कागद इंग्रजीत असतात."

"तू एकदा वाचून दाखव. माझ्या ध्यानात राहील."

आणि राहिलं. सकाळी मैदानावर चारुलताने रस्त्याची चिठ्ठी एकदा वाचली, आणि सासूबाईंनी ती हरिपाठासारखी म्हणून दाखवली. मग सहावारी कंबरेला खोचून, मनगटावर प्रशांतचं घड्याळ बांधून त्या बसल्या. आयुष्य या शहरात गेलेलं. कोणत्या रस्त्यावर मंडई भरते, कुठल्या शाळेसमोर रिक्षा अडतात, कुठे रेल्वेचं फाटक लागतं, सगळं पाठ. "आता डावीकडे. हळू, चार मिनिटं हातात आहेत. त्या पोलिसाला तेलुगूत मी विचारते, तू बोलू नको." पहिल्या चार चौक्यांवर झेन मिनिटाला मिनिट पोचली. तिथली माणसं घड्याळं ताडून पाहू लागली.

शेवटच्या चौकीच्या अलीकडे एक दांडगा स्पीडब्रेकर आला. चारुलताने वेग कमी केला. गाडी थांबतेय असं वाटताच भाग्यलक्ष्मीबाईंनी सवयीने दार उघडलं, उतरल्या आणि शांतपणे पलीकडे चालत गेल्या. चारुलतानेही सवयीनेच गाडी तिरकी करून पार केली. दोघींच्या लक्षात आलं ते बाई परत बसून दार लावल्यावर. मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"अगं, मी उतरले," सासूबाई म्हणाल्या.

चारुलताला इतकं हसू आलं की गिअर पडेना. दीड मिनिट गेलं. बक्षिसं पहिल्या तीन जोड्यांना होती आणि या दोघी चौथ्या आल्या.

सोमवारी संध्याकाळी भाग्यलक्ष्मीबाई सुनेबरोबर मस्तान मिस्त्रीच्या दुकानात हजर झाल्या. "मिस्त्री, थोडी ऊंची करो. मैं उतरना नक्को, ऐसी," एवढंच म्हणाल्या.

"हौ अम्मा," मिस्त्री म्हणाला. "मगर स्प्रिंग किधर की डालूं?"

ती स्प्रिंग चारुलताने स्वतः कागदावर काढली. तीन रात्री स्वयंपाक आटोपल्यावर जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तिने माप बसवलं: गाडी दिसायला खालीच हवी, वळणावर झुकायला नको, आणि चौघं बसून गल्लीबाहेर पडली पाहिजेत. मिस्त्रीने ओळखीच्या कारखान्यातून तशा स्प्रिंगा घडवून आणल्या. पहिल्या सकाळी स्पीडब्रेकरपाशी सगळे कान टवकारून बसले. गाडी चढली, उतरली, कुठे घासली नाही. प्रशांतने नुसता बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. आपण काढलेल्या वस्तूवर आपलं घर बसून चाललंय, हे चारुलताला ऑफिसात पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा जाणवत राहिलं.

दहा वर्षं ती झेन पळाली. वैशालीची दहावी, कॉलेज, प्रशांतची बढती, कोठीच्या दवाखान्याच्या शेकडो फेऱ्या, सगळं तिच्यातून. मग तिला गंज चढला आणि मेदकचा एक शिक्षक ती घेऊन गेला. नवीन गाडी उंच होती, एसी गार, आवाज नाही, धक्का नाही. पहिल्याच शनिवारी कोठीहून परतताना चारुलताने शेजारी पाहिलं. भाग्यलक्ष्मीबाईंचा डोळा लागला होता. झेनमध्ये दहा वर्षांत त्या एकदाही झोपल्या नव्हत्या; रस्त्यावर नजर ठेवून बसायच्या.